रिसायकल्ड कापडाचा स्विमसूट: टँकवर टिकेल असा कसा शिवावा

पुण्यात पोहणं म्हणजे टँक. समुद्र वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला किंवा एखाद्या जोडून आलेल्या शनिवार-रविवारी काशीदला. बाकी सगळं क्लोरीनचं पाणी. रिसायकल्ड कापडाचा स्विमसूट शिवायचा असेल तर विचाराची सुरुवात इथूनच करावी लागते. सध्या सगळ्यात जास्त बोलबाला आहे तो मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून केलेल्या नायलॉनचा. ते समुद्रासाठी उत्तम, रोजच्या टँकसाठी तितकंसं नाही. जाळ्यांची गोष्ट ऐकून कापड घेतलं आणि एका सीझनमध्ये ते मागून ढगळ होऊन विरलं, तर जाळं समुद्रातून निघून उरुळीच्या कचरा डेपोत पोचलं, एवढाच काय तो फरक पडला.

म्हणून कापड निवडताना दोन प्रश्न. धागा कुठून आला, आणि तो कुठल्या पाण्यात जाणार आहे? दुसरा जास्त महत्त्वाचा.

धागा कुठला घ्यायचा

बाजारात मिळणारं रिसायकल्ड स्विमवेअर कापड मुख्यतः दोन प्रकारचं असतं. पहिलं नायलॉन. यातलं सर्वांत माहितीचं नाव इकोनिल. इटलीच्या अ‍ॅक्वाफिल कंपनीने स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथल्या कारखान्यात २०११ साली हे सुरू केलं. जुनी जाळी, गालिचे आणि कारखान्यातलं टाकाऊ नायलॉन रासायनिक प्रक्रियेने कॅप्रोलॅक्टमपर्यंत (नायलॉनच्या मूळ कच्च्या मालापर्यंत) मोडतात आणि त्यातून पुन्हा नायलॉन ६ घडवतात. रेणू नव्यासारखाच असल्यामुळे धागा कच्चा नसतो. पण नव्यासारखा म्हणजे नव्याच्या खोडीही त्यात आल्या. क्लोरीन नायलॉनच्या रेणूंच्या साखळीवर हल्ला करतं आणि नायलॉनवरचे रंगही क्लोरीनमध्ये लवकर उडतात.

दुसरं पॉलिएस्टर, म्हणजे बहुतेक वेळा पाण्याच्या बाटल्या. बाटल्या धुऊन, चुरा करून, वितळवून धागा काढतात. दर वितळवणीत साखळ्या थोड्या आखूड होतात आणि रंगात किंचित पिवळट-करडी झाक येते. त्यामुळे पांढरा, फिकट गुलाबी, पिस्ता असे रंग दोन लॉटमध्ये जुळत नाहीत. गडद रंग घ्या आणि लागेल तेवढं कापड एकाच ताग्यातून, एकाच वेळी घ्या. पॉलिएस्टर क्लोरीनला नायलॉनपेक्षा बरंच चांगलं तोंड देतं, रंगही धरून ठेवतं. हाताला मात्र जरा कोरडं, ताठ लागतं.

बाटलीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचं एकदा कापड झालं, त्यात लायक्रा मिसळलं, की परतीचा रस्ता जवळपास बंद. म्हणजे बाटलीच्या कापडाचं समर्थन एकाच गोष्टीने होतं: ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं तर.

आता खरा कमकुवत दुवा. ताण देणारा धागा, म्हणजे इलॅस्टेन. (स्पॅन्डेक्स तेच, लायक्रा हे त्याचं ब्रँडनाव.) हे पॉलियुरेथेन आहे आणि कापडातल्या धाग्यांपैकी क्लोरीनमध्ये सर्वांत आधी तेच मरतं. सूट मागच्या बाजूला पारदर्शक होतो, ओला झाला की लोंबतो, तो नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोष नसून आतला इलॅस्टेन तुटल्याचा असतो. ७८ टक्के नायलॉन आणि २२ टक्के इलॅस्टेन हे स्विमवेअरचं नेहमीचं प्रमाण. त्यातलं इलॅस्टेन जवळपास नेहमी नवंच असतं. तेव्हा अशा कापडावर '१०० टक्के रिसायकल्ड' लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ 'त्यातलं नायलॉन शंभर टक्के रिसायकल्ड' एवढाच घ्या.

यातून निघणारी निवड अशी. आठवड्यातून तीन-चार दिवस टँकवर जाणाऱ्याने रिसायकल्ड पॉलिएस्टर आणि पीबीटी यांचं मिश्रण घ्यावं. पीबीटी हा पॉलिएस्टरचाच ताणला जाणारा भाऊ. यात इलॅस्टेन मुळीच नसतं, म्हणून हे कापड क्लोरीनमध्ये कितीतरी जास्त काळ टिकतं. पीबीटीचा भाग सहसा नवा असतो, म्हणजे लेबलवर रिसायकल्डचा आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास दिसेल, नायलॉनवाल्या कापडाच्या ७८ पेक्षा कमी. तरी हेच घ्या. कमी टक्क्यांचा पण तिप्पट टिकणारा सूट हिशेबात पुढे जातो. आठवड्यातून एकदा डुंबणाऱ्याला आणि सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्याला नायलॉन-इलॅस्टेन चालेल. ते मऊ असतं, अंगावर छान बसतं. फक्त इलॅस्टेन क्लोरीन-रोधक आहे का, हे विचारून घ्या.

दुकानात आणि घरी करायच्या तपासण्या

रिसायकल्ड धागा हाताने, डोळ्याने किंवा जाळून ओळखता येत नाही. जाळल्यावर नायलॉन की पॉलिएस्टर एवढं कळतं: नायलॉन वितळतं आणि ओल्या सेलरीसारखा वास येतो, पॉलिएस्टर काळा धूर सोडतं आणि वास गोडसर असतो. बाटली की नवा धागा, हे फक्त कागद सांगतो. कागद म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड, जीआरएस. यात दोन वेगळी प्रमाणपत्रं असतात आणि गल्लत इथेच होते. 'स्कोप सर्टिफिकेट' म्हणजे ती गिरणी असा माल बनवायला पात्र आहे. तुमच्या समोरचा तागा तसा आहे याचा पुरावा 'ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट', ते त्या त्या मालाच्या खेपेपुरतं असतं. दोन-चार मीटर घेणाऱ्याला दुकानदार ते हातात देणार नाही, पण दाखवू शकतो का, हे विचारायला हरकत नाही. आणखी एक: मालात २० टक्के रिसायकल्ड असलं तरी जीआरएसखाली नोंद होते, ग्राहकासमोर जीआरएसचा लोगो लावायला मात्र किमान ५० टक्के लागतं. म्हणून नुसतं 'जीआरएस आहे' यावर थांबू नका, टक्के विचारा.

लक्ष्मी रोडच्या कटपीसच्या दुकानांत 'लायक्रा' मागितलं तर गॅदरिंगच्या नाचाच्या ड्रेसचं चकचकीत कापड पुढे येण्याची शक्यता जास्त. कोरडं असताना ते अगदी स्विमसूटसारखं दिसतं. ओलं झालं की आरपार. त्यामुळे पुढच्या चार तपासण्या केल्याशिवाय कापड फाडायला सांगू नका. नमुन्याचा तुकडा घरी आणता आला तर फारच छान.

वजन. नमुन्यातून अगदी काटेकोर १० × १० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावर ठेवा. आलेला आकडा गुणिले शंभर म्हणजे जीएसएम, एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. १.९४ ग्रॅम आलं तर १९४. बाहेरच्या कापडाला १८० ते २२० हवं, अस्तराला १०० ते १२० पुरे. कापताना दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी आकडा आठ-दहाने हलतो, तेव्हा पट्टी धरून कटरनेच कापा.

ताण. कापडावर १० सेंटिमीटरच्या दोन खुणा करा. आडवं ताणून १६ ते १८ पर्यंत जायला हवं, उभं किमान १४. (पीबीटीवालं इतकं जाणार नाही, आडवं १४-१५ म्हणजे ठीक.) ताणलेलं अर्धा मिनिट धरून ठेवा, सोडा, मिनिटभराने मोजा. १०.२ पर्यंत आलं तर घ्या. १०.५ वर अडकून बसलं तर ते कापड पहिल्या महिन्यात गुडघे काढणार.

ओलं. छापील कागदावर तुकडा ओला करून, अंगावर ताणला जाईल तितकाच ताणून धरा. अक्षरं वाचता आली तर दुहेरी कापड किंवा पूर्ण अस्तर लागेल.

रंग. ओल्या पांढऱ्या सुती फडक्यात तुकडा दाबून, वर पाटा-वरवंट्यासारखं काहीतरी वजन ठेवून रात्रभर सोडा. फडक्यावर डाग पडला तर तो रंग उद्या पांढऱ्या पट्टीवरही उतरणार.

किती कापड, किती माल

१५० सेंटिमीटर पन्ह्याचं कापड धरलं तर साध्या बिनबाह्यांच्या स्विमसूटला ०.८ मीटर, अर्ध्या बाह्यांच्या आणि गुडघ्यापर्यंतच्या सूटला (आपल्याकडे टँकवर हाच जास्त दिसतो) १.४ ते १.५ मीटर, पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या जॅमरला ०.७ मीटर. अस्तर ०.६. इलॅस्टिक ८ किंवा १० मिलिमीटरचं, ३ मीटर.

इलॅस्टिकवर पैसे वाचवू नका. परकराला किंवा पायजम्याला घालतो ते विणलेलं इलॅस्टिक टँकच्या पाण्यात काही महिन्यांत कडक होतं, त्याचे तुकडे पडतात आणि चांगल्या कापडाचा सूट पायाशी सैल होऊन बाद होतो. स्विमवेअरचं म्हणून मिळणारं रबरी पट्टीचं इलॅस्टिक मागा. रबराचा शत्रू क्लोरीनपेक्षा तेल: सनस्क्रीन आणि अंगाला लावलेलं खोबरेल. रविवार पेठेतल्या शिवणसाहित्याच्या दुकानांत सहसा दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी टांगलेले असतात. हातात धरून ताणलं की फरक कळतो, रबरी पट्टी एकसंध असते, तिच्यात विणीची भोकं दिसत नाहीत.

दोरा पॉलिएस्टरचाच. सुती दोरा क्लोरीनमध्ये कुजतो. रिसायकल्ड पॉलिएस्टरचा दोराही मिळतो (ग्युटरमान, कोट्स दोघांचाही आहे), पण एका सूटमध्ये दोरा असतो किती? मिळाला तर लावा, त्यासाठी वणवण नको. ओव्हरलॉक मशीनच्या लूपरला (खालून दोरा गुंफणाऱ्या आकड्याला) फुगीर, मऊ दोरा लावला तर शिवण टोचत नाही आणि ताणलीही जास्त जाते.

बेतणं

कापड ताग्यावर ताणून गुंडाळलेलं असतं. आणल्यावर उलगडून, सैल घडी करून एक दिवस टेबलावर पडू द्या, नंतर गार पाण्यात एकदा भिजवून सावलीत वाळवा. ही पायरी गाळली तर कापलेले भाग कापल्यानंतर आखडतात आणि सूट उंचीला कमी पडतो.

मापं चार: छाती, कंबर, सीट आणि धडाचा घेर. शेवटचं माप बहुतेक जण घेतच नाहीत आणि बिघडलेल्या सूटचं कारण बहुधा तेच असतं. खांद्याच्या मध्यापासून पुढून खाली, दोन पायांच्या मधून, पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवायची. हे माप कमी पडलं की खांद्याला पट्टे रुततात आणि सूट मागून वर चढतो. त्यावर उपाय म्हणून लोक एक साइज मोठा करतात, मग छातीत ढगळ होतो.

स्विमसूट अंगापेक्षा लहान कापायचा असतो. छाती ९०, सीट ९८, धडाचा घेर १५६ असेल तर नायलॉन-इलॅस्टेनसाठी आडवी मापं ८ टक्के कमी करा: छाती ८३, सीट ९०. घेर ५ टक्केच कमी: १४८. पीबीटीच्या कापडाला हेच गणित लावलं तर सूट अंगात शिरणारच नाही. तिथे आडवं ४ टक्के कमी, म्हणजे ८६ आणि ९४, आणि घेर २ टक्के कमी, १५३. इलॅस्टेनवाल्या कापडाचा जुना, अंगावर छान बसणारा पॅटर्न पीबीटीला तसाच वापरणं ही या कामातली सर्वांत महागडी चूक.

जास्त ताणाची दिशा अंगाभोवती आडवी यायला हवी. टाचण्या लावू नका, वजनं ठेवा आणि गोल कटरने कापा. टाचणीने तुटलेला एक इलॅस्टेन धागा दिसत नाही, पण पुढे तिथूनच छिद्र पडतं. सगळे भाग एकाच दिशेने मांडा, नाहीतर उन्हात अर्धा सूट वेगळ्या छटेचा दिसेल. माया (शिवणीसाठी कडेला सोडायचं कापड) ६ मिलिमीटर.

शिवण

घरच्या मशीनवर हे काम होतं. सुई मात्र स्ट्रेच सुई, ७५ नंबर, आणि प्रत्येक सूटला नवी. साधी टोकदार सुई इलॅस्टेनचे धागे कापत जाते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना पांढरे बारीक केस उभे राहिलेले दिसले की समजा सुई चुकली आहे. ओव्हरलॉकसाठी कोपऱ्यावरच्या पिको-फॉलच्या दुकानात देणार असाल तर आधी तुकड्यावर मारून बघायला सांगा आणि बॉलपॉइंट सुई बसवता येईल का, ते विचारा. दिवसभर साड्या आणि ब्लाऊज शिवणाऱ्या मशीनवर ती नसण्याचीच शक्यता जास्त.

सरळ टीप कुठेही मारायची नाही. अंगावर चढवताना ती पटकन तुटते. बाजूच्या आणि खांद्याच्या शिवणीला झिगझॅग, रुंदी १ ते १.५, लांबी २.५. प्रेसर फूटचा (कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब कमी करा, आणि कापड मागून ओढू नका, नाहीतर शिवण लाटांसारखी होते. टाका सुटत असेल तर आधी सुई बदला, मग वरच्या दोऱ्याचा ताण थोडा कमी करा, तरीही सुटत असेल तर कापडाखाली बटर पेपरची पट्टी घालून शिवा आणि नंतर फाडून टाका. शिवण झाल्यावर दोन्ही हातांनी पूर्ण ताणा. 'टक' असा आवाज आला तर उसवून पुन्हा.

क्रम साधा: कळी (दोन पायांच्या मधला तुकडा) अस्तरासकट आधी, मग अस्तर बाहेरच्या भागाला कडेने कच्चं जोडायचं (अस्तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर लहान कापलेलं, नाहीतर ते काठातून डोकावतं), मग बाजू, खांदे, शेवटी इलॅस्टिक.

इलॅस्टिकला वेळ द्या. समजा पायाचा घेर ५६ सेंटिमीटर आहे: पुढचा भाग २७, मागचा २९. पुढे इलॅस्टिक जितक्यास तितकं, २७. मागे १५ टक्के कमी, साडेचोवीस. जोडासाठी १ मिळवला की साडेबावन्न. संपूर्ण घेराला सारखंच ताणून लावलं तर जांघेत रुततं आणि मागे सैल राहतं, म्हणजे नेमकं उलटं. पट्टी कापडाच्या उलट्या बाजूला काठाला काठ लावून झिगझॅगने (रुंदी ३, लांबी ३) जोडा. मागचा भाग शिवताना सुई खाली असतानाच पुढचा चार बोटांचा भाग ताणायचा, शिवायचा, थांबायचं, पुन्हा ताणायचा. मग काठ आत एकदाच दुमडा आणि उलट्या बाजूने झिगझॅग टीप मारा, पट्टी पूर्ण झाकली जाईल अशी. गळ्याला ५ ते १० टक्के कमी, बगलेला जितक्यास तितकं. बगलेला आवळलं की हात मारताना घासतं.

इस्त्री लागलीच तर अगदी मंद, वर सुती कापड ठेवून. पॉलिएस्टर फार तापलं की चमक बदलते ती परत येत नाही.

शिवून झाल्यावर अंगात घालून पूर्ण भिजवा आणि दहा मिनिटं हालचाल करा, हात वर, उकिडवं बसणं. कोरड्या फिटिंगवर विश्वास ठेवू नका.

टिकवणं

पाण्यात उतरण्याआधी सूट शॉवरखाली पूर्ण ओला करा. साध्या पाण्याने भरलेलं कापड क्लोरीनचं पाणी कमी शोषतं. बाहेर आल्यावर लगेच धुवा. ओला गोळा पिशवीत घालून गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत ठेवणं म्हणजे इलॅस्टेन शिजवणं. आठवड्यातून एकदा क्लोरीन मारून टाका: मत्स्यालयाच्या दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे, अर्ध्या बादलीत एक छोटी चिमूट, पाच मिनिटं, मग साध्या पाण्यात खळबळून घ्या. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. सावलीत, आडवं. सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली करा, क्षार बसून कापड खरखरीत होतं. फॅब्रिक सॉफ्टनर नको, ब्लीच तर नकोच. रोज पोहणाऱ्याने दोन सूट आलटून-पालटून वापरावेत. ताणलेल्या धाग्याला पूर्ववत व्हायला दिवसभराची उसंत लागते.

सूक्ष्म तंतूंचा प्रश्न रिसायकल्ड असल्याने सुटत नाही. बाटलीचं पॉलिएस्टरही धुताना झडतं. सलग धाग्याचं गुळगुळीत विणलेलं कापड फ्लीससारख्या केसाळ कापडापेक्षा कमी झडतं, आणि पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त, म्हणून हाताने, बादलीत, गार पाण्यात धुणं पुरे. मशीनमध्ये टाकायचंच असेल तर बारीक जाळीच्या पिशवीत.

साधारण पहिल्यांदा काय जातं? इलॅस्टिक. कापड शाबूत असताना. तेव्हा दीड-दोन वर्षांनी पायाची पट्टी सैल वाटली तर सूट टाकू नका. दुमडीची टीप उसवा, जुनी पट्टी काढा, वरच्या मापाने नवी घाला. तासाभराचं काम आहे आणि सूटचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. त्याआधी एक खात्री करा: मागचा भाग खिडकीकडे धरून पंजावर ताणा. उजेड एकसारखा दिसला तर पट्टी बदलणं परवडतं. उभ्या रेषा रेषा दिसल्या, मधे मधे पातळ खिडक्या दिसल्या, तर इलॅस्टेन तुटलं आहे आणि त्यावर नवी पट्टी घालण्यात अर्थ नाही. मग कप, रिंगा, हुक काढून डब्यात ठेवा, पुढच्या छातीचा भाग सहसा चांगला असतो, त्यात लहान मुलाची पोहण्याची टोपी निघते. उरलेलं मिश्र कापड वेगळं करून देण्याची सोय सहसा मिळत नाही. ते सुक्या कचऱ्यात, कोरडं करूनच द्या.